गाडी निघणार कधी? कोल्हापुरातल्या चार्जिंग समन्वयाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५

विसर्जनाच्या मिरवणुका संपल्या, रस्ते मोकळे झाले, आजपासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचं वेळापत्रक लावायचं काम सुरू. जागा तीन ठरल्या. लक्ष्मीपुरीजवळचा मालवाहू तीनचाकींचा तळ, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल असं एक खासगी वाहनतळ आणि उचगावच्या बाजूला महामार्गालगतचे दोन डीसी, म्हणजे जलद, चार्जर. तिन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर एकच राहील. कुठली गाडी कधी आणि किती वेगानं चार्ज करायची हे ते ठरवेल. गाडी निघायच्या वेळेला तयार हवी आणि गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे घरादुकानांना वीज वाटणाऱ्या रोहित्रावर, ताण येता कामा नये. या दोन्ही गोष्टी सांभाळून बिल कमी झालं तर उत्तम.

लोक विचारतात, एवढ्या गाड्या आल्या तर शहराला वीज पुरेल का? वीज आणता येते. आपल्या वरच्या अंगाला १,९६० मेगावॉटचं कोयना आहे, आणि संध्याकाळचा वाढता भार उचलायलाच ते मुख्यतः चालवतात. अडचण येते ती अगदी शेवटच्या टप्प्यात, कोपऱ्यावरच्या डीपीपाशी. चाळीस घरं आणि दहा दुकानं जोडलेल्या रोहित्रावर संध्याकाळी सात वाजता आठ गाड्या एकदम लागल्या, तर कोयनेत कितीही पाणी असून उपयोग नाही. म्हणून कामाची सुरुवात डीपीपासून.

१२ सप्टेंबर

लक्ष्मीपुरीच्या तळाला वीज देणारा डीपी २०० केव्हीए क्षमतेचा आहे. ४३३ व्होल्टला हिशेब केला तर एका फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर, पूर्ण भार सुमारे २६७ अँपिअर होतो. वायरमनदादांना विनंती केली, त्यांनी क्लॅम्प मीटर लावून दाखवला. वेळ रात्री साडेआठ. आर फेजवर १९०, वाय फेजवर १२०, बी फेजवर १४०. एकूण बेरीज पाहिली तर डीपी आरामात आहे. पण न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या चौथ्या तारेवर, मीटर धरला तर साठच्या वर आकडा. तीन फेजवर सारखा भार असता तर तिथं जवळजवळ काहीच दिसायला नको होतं.

कारण पाच मिनिटांत सापडलं. तळावरचे चार्जिंगचे सॉकेट सगळे सिंगल फेजचे, आणि ज्यानं वायरिंग केलं त्यानं सोयीसाठी बरेचसे एकाच फेजवर काढलेले. एक तीनचाकी साधारण ३ किलोवॉट घेते, म्हणजे तेरा अँपिअर. अशा दहा गाड्या एका फेजवर म्हणजे एकशे तीस अँपिअर, त्या फेजची निम्मी ताकद तिथंच संपली. दादा म्हणाले, "साहेब, न्यूट्रलचा जोड सैल झाला की शेजारच्या घरातला टीव्ही उडतो. मग शिव्या आम्हाला." बरोबर आहे त्यांचं. न्यूट्रल तुटला की एका घरात व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्या घरात पार वर जातं.

त्यामुळे सॉफ्टवेअरच्या आधी इलेक्ट्रिशियन. सॉकेट तिन्ही फेजवर वाटून घ्यायचे, आणि कुठला सॉकेट कुठल्या फेजवर आहे हे प्रत्येकावर रंगानं लिहायचं. लाल, पिवळा, निळा. आमच्या डेटाबेसमध्येही तोच रंग. चार्जिंगच्या समन्वयावरच्या कितीतरी लेखांत तिन्ही फेज समतोल धरून हिशेब केलेला असतो. आपल्या गल्ल्यांत तसं धरून चालत नाही.

१५ सप्टेंबर

आज दराचा विचार. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सार्वजनिक चार्जिंगला सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दरानं आणि इतर वेळी १.३ पट दरानं द्यावी असं आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, पण दिशा स्पष्ट आहे. उन्हात वीज भरपूर असते तेव्हा गाड्या लावा, दिवेलागणीनंतर टाळा.

राज्याच्या पातळीवर हे शंभर टक्के योग्य. पण लक्ष्मीपुरीच्या त्या डीपीला राज्याचं चित्र माहीत नाही. तिथं धान्याची, किराण्याची दुकानं, दोन पिठाच्या गिरण्या, वरच्या मजल्यांवर ऑफिसं. सकाळी अकरापासून एकपर्यंत सगळं एकदम चालू. म्हणजे वीज स्वस्त असते नेमकी तेव्हाच हा डीपी तापलेला असतो. आम्ही नुसता दर पाहून वेळापत्रक केलं असतं तर सगळ्या गाड्या अकरा वाजता लागल्या असत्या.

म्हणून दोन वेगळे आकडे ठेवतोय. दर हा राज्याचा संकेत, भार हा गल्लीचा संकेत. भाराची मर्यादा ओलांडायची नाही, तिच्या आत राहून दर जितका वाचेल तितका वाचवायचा. दोन्ही एकाच आकड्यात मिसळून टाकायचा मोह होतो, गणित सुटसुटीत दिसतं. पण मग कधीतरी स्वस्त दरासाठी सॉफ्टवेअर डीपीची मर्यादा मोडायला तयार होईल. ते मला चालणार नाही.

१८ सप्टेंबर

तळावर दिवसभर बसलो. चालकांना विचारायचं होतं, गाडी परत कधी निघणार? आमच्या ॲपमध्ये तसा रकाना आहे. बहुतेकांनी तो रिकामा ठेवलाय. एका वयस्कर काकांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितलं, "गाडी कवा जाणार ते मला कशाला इचारतासा? ते मार्केटला इचारा. सौदा झाला, पोतं भरलं, की म्या निघालो."

त्या एका वाक्यानं कामाला वळण दिलं. माणसाला वेळ विचारून उपयोग नाही, कारण ती त्याच्या हातातच नसते. पण बाजाराचा दिवस ठरलेला असतो. पहाटे शाहू मार्केट यार्डातून भाजी, मग धान्य आणि किराणा गावभर पोचवायची घाई, ती अकरा-साडेअकरापर्यंत. त्यानंतर फुटकळ फेऱ्या. दीडच्या सुमाराला गाड्या तळावर परत, जेवण, सावलीत पाठ टेकणं. चारनंतर दुसरी फेरी.

आणि हेच दीड ते चार! त्याच वेळी बरीच दुकानं अर्धं शटर ओढतात, गिरण्या थांबतात, डीपी थंड होतो. सौर तासही अजून संपलेले नसतात. म्हणजे गाडी उभी, गल्ली मोकळी आणि वीज स्वस्त, तिन्ही एकाच वेळी. अडीच तास ३ किलोवॉटनं म्हणजे साडेसात युनिट. मालवाहू तीनचाकीच्या बॅटरीचा मोठा भाग त्यात भरतो. उरलेलं मध्यरात्रीनंतर.

आत्तापर्यंत हे चालक रात्री परतल्यावर आठ वाजता गाडी लावत होते, कारण सवय. घरात दिवे, टीव्ही, मिक्सर चालू असतात तेव्हा. दुपारी गाडी लावायला त्यांची ना नव्हती, कुणी सांगितलंच नव्हतं.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना. सकाळी काम, संध्याकाळी बंद.

दुपारच्या अडीच तासांत सगळ्या गाड्या एकदम लावता येणार नाहीत, मर्यादा आहेच. मग पहिली कुठली? जी आधी आली ती, हा नियम सगळ्यांना पटतो पण तो चुकीच्या गाडीला वीज देतो. आम्ही सवड मोजतो. निघायला किती वेळ आहे त्यातून चार्जिंगला लागणारा वेळ वजा केला की उरते ती सवड. एका गाडीला ६ युनिट हवेत, म्हणजे दोन तास, आणि ती पाच तासांनी निघणार. सवड तीन तास. दुसरीला ३ युनिट, म्हणजे एक तास, पण ती दीड तासात निघणार. सवड अर्धा तास. दुसरीला आधी, ती नंतर आली असली तरी. दर पाच मिनिटांनी पुन्हा हिशेब.

चालकांना हे समजावताना पाणीपाळीचं उदाहरण दिलं. उपशाच्या पाण्याला पाळी असते, पण ज्याचा ऊस करपायला आलाय त्याला शेजारी आपली पाळी देतो. लगेच उमगलं. एकानं तर विचारलं, "मग खोटं सांगून पाळी पुढं ओढली तर?" महत्त्वाचा प्रश्न. म्हणून निघण्याची वेळ आम्ही त्यांच्या बोलण्यावरून धरत नाही, त्या गाडीच्या मागच्या फेऱ्यांवरून धरतो. खरंच घाई असेल तर बटण आहे. पण ते दाबलं की त्या चार्जिंगला सवलतीचा दर मिळत नाही.

१ ऑक्टोबर

काल अष्टमी. रात्री अंबाबाईच्या वाहनाची नगरप्रदक्षिणा. महाद्वार, गुजरी, भवानी मंडपाच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती.

वाहनतळावर नेहमीचा माणूस दर्शन घेऊन दोन-अडीच तासांत निघतो. सॉफ्टवेअर तेच धरून चाललं होतं. पण प्रदक्षिणेच्या वेळी रस्ते बंद असतात, आत आलेली गाडी मिरवणूक पुढं सरकेपर्यंत हलूच शकत नाही. म्हणजे सगळ्यांच्या निघण्याच्या वेळा एकदम तीन-चार तासांनी पुढं गेल्या, आणि त्याच वेळी रोषणाई, स्टॉल, पाण्याच्या मोटरी यांनी त्या भागाचा भार वर नेलेला.

यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट संधी आहे. जी गाडी बाराशिवाय निघणारच नाही तिला आठ वाजता वीज द्यायची काय गरज? वाहतूक पोलीस नवरात्रातले बंद रस्ते, एकेरी मार्ग आणि पार्किंगच्या जागा आधी जाहीर करतात. ते पत्रक हातानं भरायचा एक पडदा आमच्या मैत्रिणीनं आधीच बनवून ठेवला होता. कुठला रस्ता, किती ते किती. काल तो वापरला. साडेआठच्या सुमाराला वाहनतळावरचा चार्जिंगचा भार खाली आला आणि साडेदहानंतर पुन्हा वर गेला. ट्रॅफिकची माहिती वीजवाल्यांच्या कामी कशी येते, हे मला यापेक्षा सोप्या रीतीनं सांगता येणार नाही.

एक तांत्रिक गोष्ट नोंदवून ठेवतो, पुढं कुणाला तरी लागेल. एसी, म्हणजे सावकाश चार्ज करणारा, चार्जर गाडीला किती करंट घे हे एका सिग्नलनं सांगतो. त्या चौकोनी लहरीचा किती टक्के भाग वर आहे त्याला ०.६ नं गुणलं की अँपिअर. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे जवळपास ३२. सहाच्या खाली जायची सोयच नाही, तिथं थांबवावंच लागतं. त्यामुळे आठ गाड्यांना मिळून ३० अँपिअर उरले असतील तर प्रत्येकीला पावणेचार देता येत नाहीत. पाच गाड्यांना सहा-सहा द्यायचे, तिघींना थांबवायचं, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल. त्यातही काही गाड्या थांबवल्या की झोपी जातात आणि सिग्नल परत आला तरी उठत नाहीत. अशा मॉडेलांची यादी ठेवलीय. त्यांना कमी द्यायचं, पण बंद करायचं नाही.

७ ऑक्टोबर

इंटरनेट गेलं तर काय, यावर आजचा दिवस. चार्जरशी बोलायला ओसीपीपी १.६ ही ठरलेली भाषा आहे, त्यात प्रत्येक चार्जरला एक कायमची मर्यादा आणि प्रत्येक गाडीपुरतं तात्पुरतं वेळापत्रक अशी सोय आहे. कायमची मर्यादा मुद्दाम कमी ठेवली. संपर्क तुटला, गाडीपुरतं वेळापत्रक संपलं, की चार्जर आपोआप त्या कमी मर्यादेवर येतो. सगळेच एकदम तुटले तरी डीपी सुरक्षित. एका कंपनीचा चार्जर वॉटमध्ये दिलेली मर्यादा मुकाट्यानं सोडून देतो आणि फक्त अँपिअर ऐकतो. कागदावर दोन्ही चालतं असं लिहिलंय. सगळीकडे अँपिअरच पाठवायचं ठरवलं.

१२ ऑक्टोबर

रविवार, उचगाव.

पुण्याहून सकाळी सहाला निघालेल्या गाड्या दहा-साडेदहाला इथं पोचतात. कुणी अंबाबाईला, कुणी पुढं बेळगाव, गोवा. पुण्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर झालेले असतात, चार्ज संपत आलेला असतो. चार्जर ६० किलोवॉटचा, दोन गन. दोन्हीवर गाड्या लागल्या की तीस-तीस. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात, म्हणजे तीस किलोवॉटनं पाऊण तासाच्या वर. ऐंशीच्या पुढं बॅटरी स्वतःच करंट कमी करत जाते, आणि नेमके तिथंच लोक शंभर टक्क्यांची वाट बघत बसतात. बेळगाव इथून एकशे दहा किलोमीटर. ऐंशी टक्के पुरे आहे. मुलं मागच्या सीटवर कंटाळलेली, मागं दोन गाड्या ताटकळलेल्या, आणि पडद्यावर ९३.

ॲपवर "चार्जर मोकळा" एवढंच दाखवलं तर आणखी गडबड होते. किणी टोलनाक्याच्या अलीकडं असलेल्या पाचही गाड्यांना तोच एक मोकळा चार्जर दिसतो, पाचही तिकडे वळतात. अर्ध्या तासानं तिथं रांग आणि शिरोलीच्या बाजूचा चार्जर रिकामा. चांगली माहिती सगळ्यांना सारखीच दिली की सगळे सारखेच वागतात. म्हणून आता मोकळा किंवा बंद दाखवत नाही. तुम्ही पोचाल तेव्हा किती थांबावं लागेल हे दाखवतो, आणि त्यात वाटेवर असलेल्या, जागा धरून ठेवलेल्या गाड्याही मोजतो. पहिल्यानं उचगाव धरलं की दुसऱ्याला तिथं "सुमारे ३५ मिनिटं" दिसतं आणि शिरोलीला "थांबायला नको". तो आपणहून शिरोलीला जातो.

पोचायची वेळ अचूक सांगता येत नाही हेही खरं. सातारा ते कागल सहापदरीचं काम चालू आहे, वळणरस्ते बदलत असतात. त्यामुळे मिनिटांचा एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे देतो, २५ ते ४५ असं. आमच्या मैत्रिणीला ते अर्धवट वाटतं. मला वाटतं प्रवाशाला खोटी खात्री देण्यापेक्षा हे बरं.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. तळावरच्या गाड्यांना क्षणाची उसंत नाही, दुपारची विश्रांतीही गायब. दुपारचं वेळापत्रक आठवडाभर बंद ठेवून सगळं मध्यरात्रीनंतर टाकलं. उचगावला गर्दी दुप्पट वाटली. बाकी सुट्टी.

२५ ऑक्टोबर

पन्हाळ्याला जाऊन आलो. गडावर एका हॉटेलमालकांना चार्जर लावायचाय, त्यांनी बोलावलं होतं.

गड समुद्रसपाटीपासून साधारण ९७५ मीटरवर, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. चारशे मीटरचा चढ. दीड टनाची गाडी तेवढं चढायला नुसत्या उंचीपोटी सुमारे १.६ युनिट खर्च करते. उतरताना मोटर उलटी चालून त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागाच नसते. मग घाटात सगळा भार ब्रेकवर, आणि वर महाग पोचलेली वीज वाया. मालकांना सांगितलं, वर चार्जर लावा, पण नव्वद टक्क्यांच्या पुढं देऊ नका. मुक्कामी गाड्यांना रात्रभर सावकाश द्या. ७.४ किलोवॉटचा एक एसी चार्जर दोन गाड्यांत वाटला तरी पुरतो. डीसी चार्जरसाठी वर नवी लाइन ओढायचा खर्च टाळा. त्यांना पटलं. जोतिबालाही हाच हिशेब लागू होईल.

२ नोव्हेंबर

पुराचा नियम. हे काम मी पावसाळ्यातच करायला हवं होतं असं घरचे म्हणतात. पण पुढचा जून यायच्या आत झालं की पुरे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी पाण्यात, आणि कितीतरी भागांत सुरक्षेसाठी महावितरणला वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. त्या दिवसांत इलेक्ट्रिक गाडी म्हणजे जेवढी भरलेली असेल तेवढीच. पेट्रोल कॅनमधून आणता येतं, वीज नाही.

म्हणून काटकसरीचं सगळं गणित एका पातळीला बाजूला ठेवायचं. बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की दराचा विचार बंद. डीपीची मर्यादा सोडून बाकी सगळ्या अटी रद्द, प्रत्येक गाडी शंभर टक्के भरायची. क्रम बदलतो. आधी सखल भागातल्या गाड्या, त्यांच्यात आधी मालवाहू, कारण मदतीचं सामान त्यांच्यावरच जाणार. ४३ फुटांना पूररेषेतल्या जागांवरचे चार्जर आम्हीच बंद करायचे, वीज कंपनी बंद करेल याची वाट बघायची नाही. मधल्या चार फुटांना लागणारा वेळ हाच आपला अवधी. पाणी कसं चढतंय त्यावर तो कमीजास्त होईल, पण काही तास तरी मिळतात.

चार्जरच्या जागाही त्यानुसार. नवीन चार्जरचा चौथरा २०२१ च्या पाण्याच्या खुणेवरून ठरवायचा. शाहूपुरीत ती खूण अजून भिंतींवर दिसते. तळाच्या मालकांना चौथऱ्याचा खर्च जास्त वाटला. त्यांना घेऊन त्या भिंतीपाशी गेलो. खूण त्यांच्या खांद्याच्या वर होती. कबूल झाले.

१० नोव्हेंबर

किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, चालू आहे, संध्याकाळी देवळाच्या बाजूला गर्दी. पण मावळती पार पडली की लोक लगेच पांगतात, प्रदक्षिणेसारखं अडकून राहत नाहीत. कॅलेंडरमध्ये वेगळा प्रकार म्हणून टाकला.

शाखा अभियंता आज स्वतः तळावर आले. दुपारी अडीच वाजता मीटर लावला. तिन्ही फेज एकमेकांच्या दहा अँपिअरच्या आत, न्यूट्रलवर किरकोळ आकडा. त्यांनी शेजारच्या दुसऱ्या डीपीवरही असंच करता येईल का विचारलं. तिथं घरगुती गाड्या आहेत, दुपारी त्या घरी नसतात, त्यामुळे तिथलं वेळापत्रक मध्यरात्रीभोवती बांधावं लागेल. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीत फिरून कुठल्या घरात गाडी आहे आणि ती सकाळी किती वाजता निघते हे विचारणार आहोत. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला स्वतःची निघायची वेळ नक्की माहीत असते.

गाळप सुरू झालंय. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की उचगाव आणि शिये फाट्याच्या बाजूला वेग पडतो. उद्यापासून पोचायच्या अंदाजात संध्याकाळी पाच ते नऊ जास्तीची दहा मिनिटं धरायची, हंगाम संपेपर्यंत.